वेलस्लीचे खलिते आणि वऱ्हाडची मोहीम : एक परीक्षण

इ. स. १८०३ च्या उत्तरार्धांत बालाघाट व पयनघाट ह्या दोन्ही वऱ्हाडांत जें युद्ध झालें, त्याचा इतिहास लिहितांना आजवर बहुतेक लेखकांनीं एकाच मनुष्याच्या लेखणीवर भिस्त ठेविली आहे. तो मनुष्य म्हणजे मेजर-जनरल आर्थर वेलस्ली, पुढील काळांत वेलिंग्टनचा ड्यूक म्हणून सर्व जगास ठाऊक झालेला सेनापति. ह्या युद्धांत जिंकणाराहि तोच, आणि जिंकल्याची हकीकत लिहून ठेवणाराहि तोच. न्यायाच्या कचेरींत अशा साक्षीदाराची साक्ष उलटतपासणीवांचून दप्तरीं दाखल होत नाहीं. इतिहासाच्या कचेरींत मात्र ती दोनशेंहून अधिक वर्षें जवळजवळ जशीच्या तशी चालत आली आहे. ती खोटी आहे असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. उलट, ती पुष्कळ अंशीं खरी आहे, म्हणूनच ती कोठें खरी, कोठें अपुरी आणि कोठें निव्वळ रागाच्या भरांतली, हें निवडून ठेवणें जरूर आहे. प्रस्तुत लेखाचा हेतु एवढाच.

प्रस्तुत लेखकाचें वास्तव्य पैनगंगेच्या कांठीं देऊळघाट येथें आहे. असईचें रणक्षेत्र येथून सरळ रेषेनें सुमारें पंचवीस मैलांवर पडतें. ज्या मलकापुराच्या बाजूस युद्धापूर्वीं शिंदे व भोसले ह्यांच्या छावण्या पडल्या होत्या, तें घाटाखालीं आमच्याच जिल्ह्यांत आहे. ज्या सिंदखेडावर ह्या सेनापतीनें एक कडवट शेरा मारून ठेविला, तेंहि आमच्याच जिल्ह्यांत. तेव्हां हा विषय आम्हांस घरचा आहे. घरचा असल्यामुळें पक्षपाताचा दोष लागण्याचा संभव आहे, हें ओळखूनच पुढील विवेचन केलें आहे.

प्रथम ह्या सेनापतीचा हिंदुस्थानांतील जीवनक्रम थोडक्यांत सांगतों. जन्म इ. स. १७६९, आयर्लंड. इ. स. १७९७ च्या आरंभीं आपली ३३ वी पलटण घेऊन तो कलकत्त्यास उतरला. इ. स. १७९९ त श्रीरंगपट्टण पडल्यावर तेथील कारभार त्याच्या हातीं आला. इ. स. १८०० च्या सप्टेंबरांत त्यानें ढोंड्या वाघाचा पाठलाग करून त्याचा शेवट केला. हलक्या फौजेनें दूरवर दौड करणाऱ्या शत्रूस कसें गांठावें, ह्याचा धडा त्यास त्या मोहिमेंत मिळाला. ३१ डिसेंबर १८०२ रोजीं वसईचा तह झाला. इ. स. १८०३ च्या एप्रिलांत वेलस्ली पुण्यास पोंचला व मे महिन्यांत बाजीराव पुन्हां गादीवर बसला. ऑगस्टांत युद्ध सुरू होऊन अहमदनगरचा किल्ला १२ तारखेस इंग्रजांच्या हातीं गेला. २३ सप्टेंबरास असई, २९ नोव्हेंबरास अडगांव, १५ डिसेंबरास गाविलगड, १७ डिसेंबरास भोसल्यांशीं देवगांवचा तह, ३० डिसेंबरास शिंद्यांशीं सुर्जी-अंजनगांवचा तह, असा हा झपाटा. इ. स. १८०५ त तो स्वदेशीं परतला. त्यापुढील स्पेन-पोर्तुगालची युद्धें, इ. स. १८१५ चें वॉटर्लू, मुख्य प्रधानकी आणि इ. स. १८५२ तील मृत्यु हा भाग प्रस्तुत विषयाबाहेरचा आहे. एवढें मात्र ध्यानांत ठेवावें कीं, तो पुढें इतका मोठा झाला म्हणूनच त्याचीं १८०३ मधील पत्रें छापलीं गेलीं, आणि त्याच्या पुढील मोठेपणाचा उजेड त्या जुन्या पत्रांवर मागाहून पडला आहे. वाचकास हा उजेड वजा करून वाचावें लागतें.

### १. ग्रंथाचें स्वरूप

हे खलिते प्रथम इ. स. १८३४ पासून पुढील पांच-सहा वर्षांत लेफ्टनंट-कर्नल गरवुड ह्यानें अनेक खंडांत प्रसिद्ध केले. ड्यूक तेव्हां हयात होता, इतकेंच नव्हे तर छापण्यापूर्वीं मजकुरावर त्याची नजर फिरत असे. ज्या व्यक्तींविषयीं कांहीं कमीजास्त लिहिलें गेलें होतें, त्यांचीं नांवें पुष्कळ ठिकाणीं गाळून तेथें कोऱ्या रेघा ठेवण्यांत आल्या. ड्यूकच्या मृत्यूनंतर त्याच्या मुलानें इ. स. १८५८ ते १८७२ ह्या अवधींत पुरवणी खंड काढले व त्यांत पूर्वीं न छापलेला पुष्कळ मजकूर बाहेर आला. म्हणून कोणत्याहि विधानासाठीं केवळ गरवुडचा हवाला देणें सुरक्षित नाहीं. पुरवणी खंड उघडून पाहिल्यावांचून ‘अमुक गोष्ट सेनापतीनें लिहिलीच नाहीं’ असें म्हणूं नये. आमच्याकडील कांहीं लेखांत ही चूक झालेली दिसते, आणि ती प्रस्तुत लेखकाच्या हातूनहि पूर्वीं झालेली आहे.

दुसरें असें कीं, ‘खलिते’ ह्या एकाच नांवाखालीं निरनिराळ्या जातीचे कागद एकत्र बांधलेले आहेत. पहिली जात सरकारी निवेदनांची. हीं गव्हर्नर-जनरलास लिहिलेलीं असून पुढेंमागें प्रसिद्ध व्हावयाचीं हें लिहिणारास ठाऊक होतें. आणि हा गव्हर्नर-जनरल कोण, तर लिहिणाराचाच वडील भाऊ मार्क्विस वेलस्ली. धाकटा भाऊ थोरल्या भावास विजयाची वार्ता कळवितो आणि थोरला भाऊ तीच वार्ता आपल्या धोरणाचें समर्थन म्हणून विलायतेस पाठवितो, ही गोष्ट त्या निवेदनांचें वजन ठरवितांना विसरतां कामा नये. दुसरी जात स्नेह्यासोबत्यांस लिहिलेल्या खासगी पत्रांची. मन्रो, माल्कम, पुण्याचा रेसिडेंट क्लोज, गव्हर्नर-जनरलचा चिटणीस शॉ हे त्यांतील मुख्य. तिसरी जात रोजच्या कामकाजाच्या चिठ्ठ्यांची : बैल किती, तांदूळ किती, लमाणांचे तांडे कोठें अडकले, पूल बांधावयास होड्या कोठून आणाव्या. इतिहासकारांनीं पहिली जात डोक्यावर घेतली, दुसरी चवीपुरती वापरली आणि तिसरीकडे ढुंकूनहि पाहिलें नाहीं. आमच्या मतें विश्वसनीयतेचा क्रम नेमका ह्याच्या उलट आहे. ज्या चिठ्ठींत मनुष्य फक्त धान्याचा हिशेब करतो, तिच्यांत त्यास कीर्तीची चिंता नसते.

### २. असईचा उतार

असईच्या लढाईंतील एक आख्यायिका शाळेच्या पुस्तकांपर्यंत पोंचली आहे. केळणा व जुई ह्या दोन नद्यांच्या मधल्या जमिनीवर शिंदे-भोसल्यांची फौज उभी होती. वाटाड्ये म्हणाले, जवळपास उतार नाहीं. सेनापतीनें दुर्बिणींतून पाहिलें तों नदीच्या दोन्ही तीरांवर समोरासमोर दोन गांवें दिसलीं, पिंपळगांव व वरूड. इतकीं जवळ, समोरासमोर गांवें वसलीं आहेत त्याअर्थीं त्यांच्यामध्यें दळणवळण असलेंच पाहिजे, आणि दळणवळण आहे त्याअर्थीं उतार असलाच पाहिजे, असा तर्क करून त्यानें फौज तिकडे वळविली व उतार सांपडला.

प्रस्तुत लेखकानें ही गोष्ट अनेक वर्षें वर्गांत मोठ्या रंगानें सांगितली आहे. तर्कशास्त्र शिकवितांना धुरावरून अग्नीचें अनुमान करण्याचें जुनें उदाहरण मुलांस कंटाळवाणें वाटे, म्हणून त्याच्या जागीं आम्हीं हें असईचें अनुमान देत असूं. आतां निवृत्तीनंतर मूळ कागद पाहतां दोन गोष्टी ध्यानांत आल्या. एक, सरकारी निवेदनांत शत्रूच्या डाव्या बगलेपलीकडे नदी ओलांडली एवढेंच मुख्यत्वें सांगितलें आहे. दोन गांवांवरून तर्क केल्याची सविस्तर कथा त्यानें पुढें अनेक वर्षांनीं आपला स्नेही क्रोकर ह्यास बोलतांबोलतां सांगितली, आणि क्रोकरचे कागद तर इ. स. १८८४ त छापले गेले. म्हणजे ही आठवण आहे, समकालीन लेख नव्हे. दोन, ह्या अनुमानाची व्याप्ति निर्दोष नाहीं. समोरासमोर गांवें असून मध्यें बारमाही उतार नाहीं अशीं उदाहरणें आमच्या पैनगंगेवरहि दाखवितां येतील. उन्हाळ्यांत पायीं ओलांडतां येणारी नदी सप्टेंबरांत बैलगाडीसहि वाट देत नाहीं. नैयायिकांच्या भाषेंत हा हेतु सव्यभिचार होय. सेनापतीचा तर्क बरोबर ठरला ह्यांत शंका नाहीं, पण तो बरोबर ठरला म्हणून तो निर्णायक होता असें होत नाहीं. त्यानें धोका पत्करला व दैवानें साथ दिली. त्यानें स्वतः ह्यास साध्या व्यवहारज्ञानाचा प्रकार म्हटलें आहे, आणि तें वर्णन भक्तांनीं केलेल्या अद्‌भुत वर्णनापेक्षां अधिक प्रामाणिक आहे.

ह्या स्थळीं एक प्रश्न मात्र कोणी विचारीत नाहीं. वाटाड्ये खोटें कां बोलले? ते खोटें बोलले कीं खरेंच त्यांस ठाऊक नव्हतें? त्या मुलखांतला रहिवासी मनुष्य, आपल्याच शेतांतून परकी फौज उतरूं पाहते आहे, आणि समोर आपल्याच भाषेचे स्वार उभे आहेत, अशा वेळीं ‘उतार नाहीं’ म्हणाला तर तें अज्ञान असेल, भीति असेल किंवा निष्ठाहि असेल. खलित्यांत ह्या मनुष्याचें नांव नाहीं. त्याची बाजू सांगणारा कागद कोठें असेल तर तो आमच्याच एखाद्या वाड्याच्या माळ्यावर असेल.

### ३. एका लढाईचीं दोन निवेदनें

असईनंतर दुसऱ्याच दिवशीं, म्हणजे २४ सप्टेंबरास, गव्हर्नर-जनरलास लिहिलेलें निवेदन आणि १ नोव्हेंबरास टॉमस मन्रो ह्यास लिहिलेलें पत्र हीं दोन्ही शेजारीं ठेवून वाचावीं. पहिल्यांत विजय आहे. दुसऱ्यांत विजयाचा जाब आहे. मन्रो हा लष्करी व मुलकी दोन्ही कामांत मुरलेला मनुष्य. कर्नल स्टीव्हन्सनची फौज येऊन मिळण्यापूर्वींच एवढ्या थोड्या लोकांनिशीं हल्ला करणें योग्य होतें काय, अशी शंका त्यानें स्पष्ट विचारली होती. उत्तरांत वेलस्ली एकेक मुद्दा उलगडून सांगतो : २१ तारखेस बदनापुरास स्टीव्हन्सनशीं भेट होऊन दोन वाटांनीं जाण्याचें कां ठरलें, शत्रू भोकरदनकडे असल्याची खबर कशी चुकीची निघाली, आणि समोर अचानक सारी फौज दिसल्यावर माघार घेणें हल्ल्यापेक्षां अधिक घातक कसें ठरलें असतें.

ह्याच पत्रांत नुकसानीचें कारणहि येतें. इंग्रजांकडील मृत, जखमी व बेपत्ता मिळून सुमारें १,६०० माणसें त्या दिवशीं गेलीं. प्रत्यक्ष झुंजलेल्या शिस्तबद्ध फौजेचा हा जवळजवळ तिसरा हिस्सा होय. ७४ व्या पलटणीचे तर बहुतेक अंमलदार पडले. आघाडीच्या तुकड्यांचा नायक कर्नल ऑरॉक हा उजवीकडे नको तितका सरकत गेला व असई गांवांतील तोफांच्या तोंडीं सांपडला, त्याच्या मागोमाग ७४ वी पलटण गेली, हें कारण सेनापति देतो. त्या अधिकाऱ्यावर ठपका ठेवण्याची आपली इच्छा नाहीं असेंहि तो त्याच दमांत म्हणतो. हें औदार्य खरें आहे, पण ठपका ठेविला गेला तो गेलाच. येथें परीक्षकानें विचारावें असें : गांवाची तटबंदी व तेथील तोफखाना आधीं नीट हेरला गेला होता काय? नसल्यास दोष केवळ आघाडीच्या नायकाचा कसा? जुन्या चरित्रकारांनीं ऑरॉकची चूक एका ओळींत नोंदवून पुढें जाणें पसंत केलें. अलीकडील लेखकांत कूपर ह्याचा इ. स. २००३ तील ग्रंथ ह्या बाबतींत अधिक निःपक्षपाती आहे. त्यानें मराठ्यांच्या तोफखान्याची व कवायती पायदळाची योग्यता गंभीरपणें तपासली आहे. कंपनीनें शिंद्यांच्या नोकरींतील युरोपीय अंमलदार फोडण्यासाठीं जे जाहीरनामे काढले व पैसा ओतला, त्याचें मोलहि त्यानें लढाईच्या डावपेचांइतकेंच मोठें धरलें आहे.

मराठ्यांच्या गोलंदाजांविषयीं मात्र खुद्द खलितेच न्याय देतात, हें मोकळ्या मनानें सांगितलें पाहिजे. गोलंदाज तोफांपाशीं मरेपर्यंत उभे राहिले. कित्येक मेल्याचें सोंग करून पडून राहिले आणि इंग्रजांची रांग पुढें गेल्यावर उठून त्याच तोफा पाठीमागून डागूं लागले. पोलमनच्या हुकमतीखालील कंपूंनीं, शत्रू बगलेवर येत आहे असें दिसतांच, लढाई सुरू होण्यापूर्वीं आपली सारी रांग फिरवून दोन नद्यांच्या मध्यें नवी फळी धरली. ही हालचाल वाटेल त्या फौजेस जमणारी नव्हे. ‘मराठ्यांची फौज म्हणजे बाजारबुणग्यांचा जमाव’ हें मत ज्यांनीं रूढ केलें, त्यांनीं आपल्याच सेनापतीचे कागद नीट वाचले नाहींत. फौज नालायक नव्हती. वरचे धनी एकदिल नव्हते, रघूजी भोसल्यानें रण लवकर सोडलें, आणि पायदळ मरत असतां स्वारांचे थवे बव्हंशीं पाहत राहिले. हें वाचतांना आजहि मन कष्टी होतें.

### ४. अडगांव व गाविलगड

नोव्हेंबरच्या अखेरीस घाट उतरून वेलस्ली पयनघाटांत आला व स्टीव्हन्सनच्या फौजेस मिळाला. २९ तारखेस अडगांवच्या मैदानांत दुसरी मोठी लढाई झाली. हें अडगांव हल्लीं अकोला जिल्ह्यांत आहे. येथें इंग्रजांचें नुकसान साडेतीनशेंच्या आसपास, म्हणजे असईच्या मानानें अगदीं थोडें झालें, आणि ३८ तोफा त्यांच्या हातीं लागल्या. निवेदनांत ही लढाई सरळ व सोपी दिसते. परंतु शॉ ह्यास लिहिलेलें खासगी पत्र काढून पाहावें. असईस मर्दुमकी गाजविलेल्या तीन देशी पलटणी, तोफांचा मारा सुरू होतांच, रांग धरण्यापूर्वींच मागें पळाल्या. सेनापति जातीनें जवळ होता म्हणून त्यांस फिरवून पुन्हां जागेवर आणतां आलें, आणि आपण तेथें नसतों तर दिवस हातचा गेला असता, असें तो निःसंकोच लिहितो. सरकारी कागदाची भाषा आणि खासगी कागदाची भाषा ह्यांतील अंतर दाखविण्यास ह्याहून चांगलें उदाहरण नाहीं. केवळ पहिला कागद वाचणारास अडगांव म्हणजे ठरून गेलेला निकाल वाटेल. दुसरा वाचणारास कळेल कीं, त्या दुपारीं पारडें कांहीं क्षण दुसरीकडे झुकलें होतें.

गाविलगडाविषयीं थोडेंच सांगावयाचें. स्टीव्हन्सनच्या लोकांनीं डोंगरांतून वाट काढीत जड तोफा उत्तरेच्या बाजूस ओढून नेल्या, हें ह्या मोहिमेंतील सर्वांत कष्टाचें काम. त्याचें श्रेय वेलस्लीनें स्टीव्हन्सनास मनःपूर्वक दिलें आहे. किल्लेदार बेनीसिंग लढतां लढतां पडला. त्याच्या बाजूची हकीकत आज आपणांस जी कळते ती शत्रूच्याच कागदांतून. ह्याची लाज शत्रूस नव्हे, आपणांस वाटली पाहिजे.

### ५. स्थलनामांचा घोळ

खलित्यांतील गांवांचीं नांवें हा स्वतंत्र त्रासाचा विषय आहे. इंग्रजी कानानें ऐकून इंग्रजी लिपींत उतरविलेलीं हीं नांवें पुन्हां मराठींत आणतांना पदोपदीं ठेंच लागते. अडगांवाचें ‘आरगाम’ झालें आणि तेंच कित्येक मराठी पुस्तकांत ‘आरगांव’ म्हणून परत आलें. देवगांवचा तह ज्या देवगांवीं झाला तें एलिचपुराच्या बाजूचें. आमच्या जिल्ह्यांत देऊळगांव राजा, देऊळगांव मही, देऊळगांव साकर्शा आणि शिवाय देऊळघाट अशी नांवांची मालिकाच आहे. केवळ इंग्रजी अक्षरांच्या सारखेपणावरून ह्यांतील कोणत्याहि गांवानें त्या तहावर हक्क सांगूं नये. आमच्या गांवास असा मान मिळाला असता तर आनंदच झाला असता, पण पुराव्यावांचूनचा मान उसन्या दागिन्यासारखा असतो.

नद्यांचेंहि तसेंच. पूर्णा दोन आहेत. एक बालाघाटावरची, पूर्वेकडे जाऊन गोदावरीस मिळणारी. दुसरी पयनघाटांतली, पश्चिमेकडे जाऊन तापीस मिळणारी. असई पहिलीच्या खोऱ्यांत व अडगांव दुसरीच्या. नकाशा पुढें न ठेवतां जो खलिते वाचील तो दोन महिन्यांच्या व दोन पाणलोटांच्या हकीकती एकाच नदीच्या कांठीं नेऊन बसवील. संशोधकांनीं प्रत्येक छावणीचें नांव, तारीख व मागच्या मुक्कामापासूनचें अंतर अशी यादी करून, ती गांवोगांव पायीं फिरून ताडून पाहिली पाहिजे. हें काम लंडनच्या ग्रंथालयांत होणारें नव्हे. तें येथल्याच माणसांचें आहे.

### ६. सिंदखेडावरील शेरा

आतां ज्या मुद्द्यासाठीं हा लेख मुख्यतः लिहिला तो. इ. स. १८०४ च्या जानेवारींत सिंदखेडच्या बाजूनें जातांना वेलस्लीनें त्या गांवास चोरांचा अड्डा म्हटलें, आणि मुलखाची स्थिति भयंकर असून माणसें शेंकड्यांनीं उपाशी मरत आहेत, त्यांस मदत देणारें कोणतेंहि राज्य उरलेलें नाहीं, अशा अर्थाचें लिहिलें. पुढें वऱ्हाडच्या गॅझेटियरकारांनीं हा मजकूर उचलला, तो एका पुस्तकांतून दुसऱ्यांत गेला, आणि ज्या सिंदखेडांत लखूजी जाधवरावांचा वाडा आहे, जेथें जिजाबाईंचा जन्म झाला, त्या गांवाच्या इतिहासांत हा एका प्रवासी सेनापतीचा शेरा कायमचा डाग होऊन बसला.

ह्या शेऱ्याचे दोन भाग पाडले पाहिजेत. दुसरा भाग, म्हणजे उपासमारीचा, अगदीं खरा आहे. इ. स. १८०३-०४ चा दुष्काळ दक्षिणेंत भयंकर होता. होळकरांच्या व पेंढाऱ्यांच्या धाडी, पावसानें दिलेला दगा आणि एकामागून एक गेलेल्या फौजा अशीं तीन संकटें एकदम कोसळलीं. ह्या साक्षीबद्दल आपण त्या सेनापतीचे ऋणी आहों. शिवाय अहमदनगरास पुढें त्यानें अंगांत शक्ति असणारांस काम व नसणारांस अन्न अशी मदतीची व्यवस्था करविली, हेंहि त्याच्या बाजूनें नमूद केलें पाहिजे. परंतु पहिला भाग हा साक्ष नसून निकाल आहे. ज्या मुलखांत माणसें शेंकड्यांनीं उपाशी मरत आहेत असें तुम्हीच म्हणतां, त्या मुलखांत कोणी धान्याचें पोतें पळविलें तर त्यास पिढीजात चोर म्हणावयाचें कीं भुकेलेला मनुष्य म्हणावयाचें? एकाच ठिकाणीं कारण व कार्य दोन्ही लिहिलेलीं असतां गॅझेटियरकारांनीं कार्य तेवढें गांवाच्या माथीं मारलें.

आणि उपासमारीस कारण झालेल्या फौजांत लिहिणाराचीहि फौज होती. येथें त्या तिसऱ्या जातीच्या चिठ्ठ्या उपयोगी पडतात. वेलस्लीच्या यशाचें खरें मूळ त्याच्या बैलांत व धान्यांत होतें. म्हैसूरच्या अमृतमहाल जातीचे बैल, लमाणांचे तांडे, तांदुळाचे सांठे ह्यांविषयीं तो जितकें लिहितो तितकें तोफांविषयींहि लिहीत नाहीं. ३१ ऑक्टोबरास आंबडपाशीं ज्या तांड्यावर भोसल्यांच्या स्वारांनीं हल्ला केला व जो हल्ला मोडून निघाला, त्यांत सुमारें १४,००० बैल होते. हा आंकडा क्षणभर डोळ्यांपुढें आणावा. एवढीं जनावरें ज्या वाटेनें जातात त्या वाटेवर चारा काय उरेल आणि पाणवठ्यावर पाणी काय उरेल? सेनापति धान्याचे दाम देई, लूट करणारास कठोर शिक्षा करी, हें सर्व मान्य. परंतु दुष्काळांत दाम देऊन घेतलेलें धान्यहि कोणाच्या तरी ताटांतूनच जातें. निजामाच्या कांहीं किल्लेदारांनीं इंग्रजांस धान्य देण्याचें नाकारलें, जखमींसहि आंत घेतलें नाहीं, म्हणून तो संतापानें लिहितो. जखमींस दार बंद करणें निंद्यच. पण धान्य न देणारा प्रत्येक किल्लेदार फितूर होता, कीं कोठारांतलें शेवटचें धान्य राखून होता, हें खलित्यांवरून ठरत नाहीं.

### ७. तहाचें फळ

देवगांवच्या तहानें वर्धा नदीच्या पश्चिमेचा भोसल्यांचा मुलूख निजामाकडे गेला. नरनाळा व गाविलगड हे किल्ले आणि त्यांखालील कांहीं प्रदेश एवढें भोसल्यांस राहिलें. पूर्वेस कटकचा प्रांत कंपनीनें घेतला. वऱ्हाडांत पिढ्यान्‌पिढ्या चाललेला निजाम व भोसले ह्यांचा दुहेरी अंमल येणेंप्रमाणें संपला. रयतेस दोन धन्यांऐवजीं एक धनी आला, पण तो धनी ज्या लढाईंत विशेष लढला नव्हता तिचें फळ त्यास मिळालें होतें, आणि हें फळ देणाराच्या हातीं त्याची दोरी होती. इ. स. १८५३ त तेंच वऱ्हाड इंग्रजांकडे लावून देण्यांत आलें, तेव्हां दोरीचें दुसरें टोंक कोणाकडे होतें हें स्पष्ट झालें. तहाचें कलम वाचतांना पन्नास वर्षें पुढें पाहण्याची संवय ठेवावी.

### ८. निष्कर्ष व विनंती

सारांश, वेलस्लीचे खलिते हें ह्या युद्धाचें पहिल्या प्रतीचें साधन आहे. दिवस, मुक्काम, फौजेची रचना, धान्य, हवामान ह्या बाबतींत तें बहुतांशीं विश्वसनीय आहे. शत्रूची संख्या, शत्रूचे हेतु, गांवकऱ्यांचें शील आणि स्वतःच्या निर्णयांची अपरिहार्यता ह्या बाबतींत तें एका पक्षाचें म्हणणें आहे. आठवणींतून मागाहून आलेल्या कथा तिसऱ्या वर्गांत घालाव्या. मनुष्य म्हणून पाहतां हा सेनापति काटकसरी, कष्टाळू, हिशेबी व स्पष्टवक्ता दिसतो. तो स्वतःस फसवीत नाहीं, निदान खासगी पत्रांत तरी नाहीं. त्याच्यावर अन्याय केला असेल तर तो त्याच्या भक्तांनीं, त्याचीं सरकारी निवेदनें तेवढीं पुढें करून.

परंतु एका तराजूंत एकच पारडें असून भागत नाहीं. दुसरें पारडें भरण्याचें काम बुलढाण्याचे यादव माधव काळे ह्यांनीं इ. स. १९२४ च्या ‘वऱ्हाडचा इतिहास’ ह्या ग्रंथांत आरंभिलें. त्यांच्या मागून आलेल्या आपण तें किती पुढें नेलें, ह्याचा प्रत्येकानें विचार करावा. शके १७२५ च्या सालचे देशमुख-देशपांड्यांचे ताळेबंद, पाटील-कुलकर्ण्यांचे वसूलबाकीचे कागद, फौजेस दिलेल्या वैरणीच्या चिठ्ठ्या, ओस पडलेल्या शेतांच्या याद्या, तगाईचे अर्ज असे कागद ज्या घरीं असतील, तेथें जाऊन त्यांच्या नकला करून घ्याव्या. पानिपत, खर्डा असल्या मोठ्या नांवांचीं पत्रें संग्राहकांस प्रिय असतात. वैरणीची चिठ्ठी कोणी जपत नाहीं, आणि ती पहिल्या पावसाळ्यांत वाळवीच्या पोटांत जाते. तथापि सिंदखेडच्या लोकांनीं त्या जानेवारींत काय खाल्लें, कोण गांव सोडून गेलें आणि कोण परत आलें, हें सांगण्याचें सामर्थ्य जर कोणत्या कागदांत असेल तर तें अशाच चिठ्ठींत आहे.

उन्हाळ्यांत प्रस्तुत लेखक असईस गेला होता. केळणेचें पात्र कोरडें होतें आणि शेळ्या हांकणारा एक मुलगा अलीकडून पलीकडे सहज चालत गेला. नदीला येथें उतार आहे काय, असें त्यास विचारलें. त्यानें आमच्याकडे नवलानें पाहून उलट विचारलें, कोणत्या महिन्यांत? खलिते वाचणारानें प्रत्येक पानावर विचारावयाचा प्रश्न तोच आहे.